टीव्हीचं माहेर

रेडिओची ओटी भरणारा पुरुष तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे.

पालघरात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. सकाळची बोहनी व्हायची होती. एक बाई मिक्सर घेऊन काउंटरपाशी उभ्या होत्या आणि मी त्यांच्या मिक्सरमध्ये अडकलेलं खोबरं पेचकसानं उकरत होतो. तेवढ्यात गजानन राऊत, म्हणजे आमचे माकुणसारचे गजाकाका, आत आले आणि त्यांनी दोन्ही हातांनी जपून आणलेलं एक गाठोडं काउंटरवर ठेवलं. वर हिरवा खण. खणाच्या घडीत तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि एक सोललेला नारळ. खण बाजूला केला तर खाली मोठा लाकडी रेडिओ. त्याच्या काचेवर, जिथे स्टेशनांची नावं असतात तिथे, ठसठशीत हळदकुंकू.

"डाक्टर," काका हळू आवाजात म्हणाले, "बघा जरा. धुगधुगी हाय काय?"

मला डॉक्टर म्हणणारा माझ्या आयुष्यातला हा एकमेव माणूस, म्हणून मी त्यांना कधी नाही म्हणू शकलो नाही. मी रेडिओचं पाठचं झाकण काढलं. आतून झुरळांचं एक अख्खं कुटुंब बाहेर पडलं आणि मिक्सरच्या दिशेनं निघालं. ट्रान्सफॉर्मर जळून काळा ठिक्कर पडला होता.

"गेला, काका."

"नक्की?"

"नक्की."

काकांनी डोक्यावरची टोपी काढली. मिक्सरवाल्या बाईंनीही काय करावं ते न सुचून पदर डोक्यावर घेतला.

"मग तसं लिहून द्या," काका म्हणाले. "सही-शिक्क्यानिशी. माहेरी पाठवायचाय. उद्या तिकडचे म्हणतील, तुमी नीट सांभाळला नाय."

मी बिलाच्या कागदावर लिहिलं, 'सदर रेडिओ माझ्यासमोर उघडला असता मृत आढळला.' खाली सही केली, दुकानाचा शिक्का मारला. काकांनी कागद वाचला, घडी करून खणात खोचला आणि समाधानानं निघून गेले. बाईंनी काउंटरवरचा मिक्सर उघडाच ओढून घेतला. "राहू दे हो," त्या म्हणाल्या, "मी बोईसरला दाखवीन." मिक्सर माझ्याकडे मरेल अशी त्यांना भीती वाटली असावी.

गजाकाकांचं तत्त्वज्ञान फार साधं होतं. वस्तू कारखान्यात जन्मते, म्हणजे कारखाना तिचं माहेर. आपण विकत घेतो, म्हणजे आपलं घर तिचं सासर. ती नांदते, राबते, म्हातारी होते, मरते. आणि शेवटाला माहेरचं माणूस आलंच पाहिजे. माहेरचं कुणी येत नसेल, तर आपण तिला माहेरी पोचवलं पाहिजे. इस्त्री असो, घड्याळ असो, बॅटरी असो, पंखा असो. कंपनीचे लोक सांगायला गेले की साहेब, गॅरंटी एक वर्षाची होती, तर काका आपलं ठरलेलं वाक्य टाकत:

"गॅरंटी सरली म्हणून नातं सरतं काय?"

याला कुठल्याच कंपनीकडे उत्तर नव्हतं. असतं तर त्यांनी ते पोस्टाच्या तिकिटासकट पाठवलं असतं.

हे वेड एका दिवसात लागलं नाही. काकांची माकुणसारला वाडी. केळी आणि पानवेल. पानवेल म्हणजे नाजूक प्रकरण. तिच्याशी मोठ्यानं बोललं तरी ती मान टाकते असं काका म्हणत. एका वर्षी विहिरीजवळच्या वेली पिवळ्या पडायला लागल्या. काकांनी शोध लावला की रात्री पाणी सोडायला येणारी माणसं बॅटरीतले संपलेले सेल पाटात फेकतात, ते फुटतात, गळतात आणि त्यांचा काळा चिकटा पाण्यातून वेलींच्या मुळाशी जातो. शोध खरा की खोटा कोण जाणे. पण काकांनी चिखलात हात घालून सगळे सेल वेचले, धुतले, उन्हात वाळवले आणि पार्सल करून सेलच्या कंपनीला पाठवले. सोबत दोन ओळी: 'आपले आपणास. वाडी आमची आहे.'

कंपनीनं काय केलं? कंपनीनं त्यांना पुढच्या वर्षाचं कॅलेंडर पाठवलं.

"बघा," काका मला कॅलेंडर दाखवत म्हणाले, "लाज वाटली त्यांना."

इस्त्रीच्या कंपनीनं मात्र लाज सोडली होती. त्यांनी मेलेल्या इस्त्रीच्या बदल्यात नव्या मॉडेलांचं रंगीत चोपडं पाठवलं. काका भडकून माझ्या दुकानात आले.

"काय निर्लज्ज लोक! मोठी मेली म्हणून कळवलं, तर धाकटीचे फोटो पाठवतात!"

सफाळ्याच्या पोस्टातले कारकून सुरुवातीला कुरकुर करायचे. ओटीतला नारळ पार्सलात घेता येणार नाही असा त्यांनी नियम दाखवला. मग काका नारळ त्यांनाच देऊ लागले. पुढे पुढे कारकूनच विचारायचे, "काय राऊतकाका, बऱ्याच दिवसांत कुणी गेलं नाही?" तो लाकडी रेडिओ तर कंपनीनं परत पाठवला, काकांनी पुन्हा पाठवला, त्यांनी पुन्हा परत पाठवला. जिवंतपणी जो कपाटावरून हलला नव्हता, त्यानं मेल्यावर इतका प्रवास केला की शेवटी तो रेल्वेतच कुठेतरी नाहीसा झाला. काकांच्या मते तो माहेरी पोचला आणि लाजेनं कुणी कळवलं नाही.

त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा असे. माझ्या दुकानासमोर चहावाल्याकडे बसून ते जमलेल्यांना सांगत, "मी केळीचा घड विकतो. घड गेला की ती केळ खाली पडते. तिचं खोड कोण उचलतो? मी उचलतो. शेजाऱ्याच्या वाडीत टाकतो काय? मग ह्यांनीच काय पाप केलंय की त्यांची खोडं आमी उचलायची?"

"अहो काका, पण भंगारवाला असतो ना त्यासाठी," कुणीतरी म्हणे.

भंगारवाला असायचाच. लल्लन त्याचं नाव. माझ्या दुकानामागे मेलेल्या सेटांचा ढीग साचला की तो हातगाडी घेऊन येई. टीव्हीची काचेची ट्यूब तो दगडानं फोडायचा, मानेवरचं तांबं काढून घ्यायचा, तारा जाळून धूर करायचा आणि उरलेली काच खाडीकाठी ओतून यायचा. निवट्या मासे धरायला चिखलात उतरणाऱ्या बायकांचे पाय त्या काचेनं फाटत. काका त्याला रस्त्यात अडवून विचारत, "ह्याला काय माहेर म्हणतोस?" लल्लन दात काढून म्हणे, "काका, अपुन तो सबका मायका है. इधर सब आते हैं, वापस कोई नहीं जाता."

काकांना तो विनोद कधीच आवडला नाही.

आता मी तुम्हाला जे सांगणार आहे ते मी त्या वेळी नीट पाहिलं नव्हतं, कारण मी हसण्यात गुंतलो होतो. सेल परत पाठवायची सवय काकांना जुनीच. पण ओटी, खण, हळदकुंकू, माहेर हा सगळा थाट सुरू झाला तो त्यांची मुलगी शैला घरी आल्यानंतर.

शैलाचं लग्न काकांनी थाटात करून दिलं होतं. बोईसरच्या एमआयडीसीत त्या वेळी टीव्ही जुळवणारी एक कंपनी होती. तिथला नवाकोरा टीव्ही लग्नात दिला होता. माझ्याच हातानं मी तो मांडवात लावून दाखवला होता. काकी त्याआधीच गेल्या होत्या, त्यामुळे रुखवतापासून पाठवणीपर्यंत सगळं काकांनी स्वतः केलं. मग काही वर्षांनी एका दुपारी सासरकडच्यांचा टेम्पो अंगणात येऊन उभा राहिला. त्यातून शैला उतरली, तिची ट्रंक उतरली आणि तो टीव्ही उतरला. नवऱ्यानं दुसरीकडे संसार मांडला होता. टीव्ही बंद पडला होता. टेम्पोबरोबर आलेला दीर म्हणाला, "तुमचा माल तुमी ठेवा," आणि गेला.

काका दारात उभे होते. त्यांना बोलायला शब्द सापडण्याच्या आत त्यांचे थोरले भाऊ येसूदादा शेजारच्या घरातून आले आणि त्यांनी विचारलं, "काय गं, किती दिवसांसाठी आलीस?"

हा प्रश्न येसूदादांनी त्यानंतर थांबवलाच नाही. वाईट माणूस नव्हे. पण त्यांच्या नियमात बसत नव्हतं. "दिलं ते दिलं," ते म्हणायचे. "दिलेली लेक घरात ठेवली की घराला कसंतरी दिसतं. दोन माणसं घेऊन जाऊ, समजूत घालू, पोचवून येऊ." शैला हे आतून ऐकायची. ती बापाच्या घरात पाहुणीसारखी वावरत होती. चहा करू का, असं विचारायची. तूप कुठल्या डब्यात आहे ते तिला माहीत होतं, तरी विचारून घ्यायची. ट्रंक तिनं उघडली होती पण रिकामी केली नव्हती. कुणी बोट दाखवलं की निघता यावं म्हणून.

आणि गजाकाका? जगातल्या सगळ्या कंपन्यांना दोन शब्द सुनावणारा हा माणूस मुलीसमोर मुका. तिला काही सांगायचं झालं तर ते ओटीवर बसून, मेलेली इस्त्री मांडीवर घेऊन, मोठमोठ्यानं सांगत, "माहेरानं तोंड फिरवलं तर वस्तूनं जायचं कुठं?"

एकदा मी तिथे असताना येसूदादा त्यांना म्हणाले, "गजा, तू लहानसहान डबडी पोस्टानं पाठवतोस, त्यात काय मर्दुमकी? तो टीव्ही बसलाय घरात. तो दे बघू माहेरी. कंपनी काय तुझ्यासारखी खुळी नाय. दिलं ते दिलं. तिनं जर तो परत घेतला ना, तर मी शैलाबद्दल पुन्हा तोंड उघडायचा नाय."

"आणि नाय घेतला तर?"

"तर पोरीला मी पोचवून येईन. तू आडवा यायचं नाय."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "डाक्टर, तुमी साक्षीला."

आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला.

मी काकांना बाजूला घेऊन समजावलं. काका, हे काय भलतंच कबूल करून बसलात? कंपनी टीव्ही घेणार नाही. कुठलीच कंपनी घेत नाही. मी या धंद्यात आहे, मला माहीत आहे. काका म्हणाले, "दारात जाऊन कुणी विचारलंय काय आजवर? सगळे पोस्टानंच विचारतात."

पुढच्या आठवड्यात केळ्यांच्या व्यापाऱ्याचा टेम्पो घेऊन मंडळी मला न्यायला पालघरला आली. पुढे ड्रायव्हरशेजारी येसूदादा, मांडीवर भाजक्या शेंगांचा पुडा. मागे टीव्ही, त्याला धरून गजाकाका आणि एका कोपऱ्यात शैला. तिला काकांनीच आणलं होतं. टीव्हीवर खण, ओटीत नारळ, पडद्यावर कुंकू, आणि वर केळीच्या पानाची सावली केलेली. बोईसरच्या रस्त्यावर एका माणसानं टेम्पो पाहून हात जोडले. कुठला तरी नवा देव चाललाय असं त्याला वाटलं असावं.

कंपनीच्या गेटवर तिवारी नावाचा वॉचमन होता. झुबकेदार मिशा, हातात काठी.

"क्या है?"

"लेक हाय," गजाकाका म्हणाले. "माहेरी आणलीय."

मी भाषांतर केलं. "बेटी है. मायके लाए हैं."

तिवारीनं टेम्पोत डोकावून पाहिलं. त्याला शैला दिसली. त्यानं चटकन काठी बगलेत मारली, सलाम ठोकला आणि म्हणाला, "नमस्ते बहनजी. किसके घर की हो?"

"ती नाय ओ!" काका टीव्हीवर थाप मारत म्हणाले. "ही!"

तिवारीनं टीव्ही पाहिला, कुंकू पाहिलं, नारळ पाहिला. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की गावाकडच्या बायकोला त्या आठवड्यात काय लिहायचं हा त्याचा प्रश्न सुटला. पण तो नोकरीचा पक्का होता.

"बाबूजी, बात तो आपकी सही है. मगर मेरे पास टीवी जाने का गेटपास है. आने का नहीं है. यहाँ से टीवी जाता है. आता नहीं."

आम्ही टीव्ही उतरवून गेटसमोर रस्त्यावर ठेवला, तेव्हा शेवटी आतून पर्सोनेल ऑफिसर प्रधान आले. टाय लावलेला, हातात पेन. त्यांनी खण बघितला आणि आधी विचारलं, "हे कुठल्या युनियनकडून?"

मी सगळी हकीकत सांगितली. प्रधानांनी पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"वॉरंटी संपलेली आहे."

"गॅरंटी सरली म्हणून नातं सरतं काय?"

"अहो, दुरुस्ती हवी तर सर्व्हिस सेंटरला न्या."

"दुरुस्ती नकोच. ती मेलीय. डाक्टर बरोबर आणलाय. दाखला हाय." काकांनी टीव्हीसाठी माझ्याकडून लिहून घेतलेला दाखला पुढे केला. मी तिकडे बघितलं नाही.

"काका," प्रधान शांतपणे म्हणाले, आणि मला वाटतं हीच त्यांची चूक झाली, "तुम्ही केळी विकता. केळं खाल्ल्यावर साल गिऱ्हाईकच टाकतं ना? साल परत आणून देतं का तुम्हाला?"

"साल गाय खाते," काका म्हणाले. "तुमचा टीव्ही गायीला घालून दाखवा. मी आत्ता घरी जातो."

तिवारीनं तोंड फिरवलं. त्याची पाठ हलत होती.

"असे आम्ही परत घ्यायला लागलो तर उद्या अख्खा जिल्हा दारात येऊन उभा राहील!"

"राहू दे की. लेकी कुणाच्या हायत?"

प्रधान आत निघून गेले. येसूदादांनी टेम्पोच्या खिडकीतून शेंगांची टरफलं बाहेर टाकली. "झालं समाधान? मी काय म्हणत होतो? दिलं ते दिलं. चल, फिरव गाडी."

गजाकाका टीव्हीला टेकून खाली रस्त्यावर बसले. ऊन डोक्यावर आलं होतं. ते हरले होते हे मला दिसत होतं, आणि त्यांनाही दिसत होतं. शैला टेम्पोतून उतरली, त्यांच्याजवळ जाऊन म्हणाली, "बाबा, चला. मी जाईन." एवढंच. काकांनी ऐकलं नाही असं दाखवलं आणि पडद्यावरचं ओघळलेलं कुंकू अंगठ्यानं नीट करत बसले.

तेवढ्यात पाळी सुटायचा भोंगा झाला.

तुम्हाला ठाऊक नसेल, त्या वेळी टीव्ही जुळवायचं बारीक काम बहुतेक बायकाच करीत. चिंचणी, तारापूर, मुरबे, आसपासच्या गावांतून बायका यायच्या. गेट उघडलं आणि जेवणाच्या डब्यांच्या पिशव्या हलवत, गलका करत तो घोळका बाहेर पडला आणि टीव्हीपाशी येऊन थबकला.

"अगं बाय! ओटी!"

"कुणाची गं?"

"टीव्हीची!"

"ओटी कुणी भरली ओ आजोबा?"

"मीच," काका म्हणाले.

हशा उसळला. त्यातून चष्मा लावलेली, पन्नाशीची एक बाई पुढे आली. बाकीच्या तिला तारामावशी म्हणत होत्या. तिनं ओटी पाहिली आणि कपाळावर हात मारला. "काय ओ हे! नारळाची शेंडी तुमच्याकडं? तिची ओटी भरताय का सोताची?" तिनं नारळ फिरवून ठेवला. मग टीव्हीच्या मागे जाऊन फटीतून आत पाहिलं. "आमच्याच हातचा हाय. काय झालं ह्याला?"

"ट्यूब गेली, ट्रान्सफॉर्मरही जळलाय," मी म्हणालो.

"सासरी नीट ठेवला नाय वाटतं."

ती आपली सहज बोलून गेली. मी, येसूदादा, आमच्यातलं कुणीच शैलाकडे बघेना. आणि शैलाच बोलली. "छप्पर गळत होतं. बरोबर त्याच्यावर. मी सांगायची, हलवा म्हणून. कुणी हलवला नाही."

तारामावशीनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "तू कोण गं? यांची लेक?"

"हो."

"दिल्या घरी असतेस? माहेरी आलीयस? किती दिवस हाईस?"

बायका एकमेकींना विचारतात तसाच प्रश्न. त्यात काही नव्हतं. पण टेम्पोच्या खिडकीत येसूदादांच्या हातातली शेंग तोंडापाशी जाऊन थांबली. शैलानं खाली पाहिलं.

"हाय ती," गजाकाका म्हणाले.

"म्हंजे किती दिवस?"

काका उठून उभे राहिले. धोतराची धूळ झटकली नाही, टोपी सरळ केली नाही. या माणसाला मी नाटकी आवाजात बोलताना इतक्या वेळा ऐकलं होतं की हा साधा आवाज मला आधी ओळखूच आला नाही.

"घर हाय तिचं. दिवस कसले मोजता?"

तारामावशीनं एकदा काकांकडे पाहिलं, एकदा शैलाकडे, एकदा त्या कुंकू लावलेल्या टीव्हीकडे. तिला काय उमगलं ते तिनं सांगितलं नाही. तिनं पिशवी दुसरीच्या हातात दिली, पदर खोचला आणि म्हणाली, "काय बघत रायल्यात? धरा गं ह्या बाजूनं. दारात आलेली लेक उन्हात बसवतात काय?"

चौघी-पाचजणींनी टीव्ही उचलला. गलका ऐकून प्रधान धावत आले. "अहो, अहो तारामावशी! काय चाललंय?"

"सायेब, बाजूला व्हा. पायावर पडंल."

"पण लिहायचं काय? आत येणाऱ्या मालाची नोंद काय म्हणून करायची?"

हा प्रश्न मात्र खरा होता. टीव्ही अर्धा गेटच्या आत, अर्धा बाहेर. बायकांच्या हाताला रग लागलेली. सगळ्यांनी तिवारीकडे पाहिलं. तिवारीनं मिशीवरून हात फिरवला.

"साहब, कच्चा माल लिख देता हूँ."

प्रधानांनी पेन काढलं, टोपण लावलं, आणि मला वाटतं त्यांनाही घरी जेवायला जायचं होतं. ते म्हणाले, "लिहा."

अशा रीतीनं पक्का माल म्हणून ज्या गेटातून बाहेर पडला होता, त्याच गेटातून तो टीव्ही कच्चा माल होऊन, ओटीसह, माहेरी गेला. पुढे मला कळलं की नव्यानं कामाला लागलेल्या मुलींना तारजोडणी शिकवायला तारामावशीनं तो वापरला. त्याचे सांधे सोडवून सोडवून त्या शिकल्या. कंपनीनं मात्र धसका घेतला. महिन्याभरात गेटवर पाटी लागली: 'जुने सेट स्वीकारले जाणार नाहीत.' खाली कुणीतरी खडूनं लिहिलं होतं, 'ओटी भरली असली तरी.' अक्षर देवनागरी होतं पण वळण उत्तरेकडचं.

परतीच्या वाटेवर मी पालघरला उतरायला हवं होतं. उतरलो नाही. इतकं नाटक बघितल्यावर पडदा पडण्याआधी कोण उठतं? मागे टीव्हीची जागा रिकामी होती आणि तिच्या दोन बाजूंना बाप-लेक, मधे जणू अजून काहीतरी ठेवलेलं असावं तसे सांभाळून बसले होते. येसूदादांचा पुडा संपला होता. ते रिकाम्या कागदाची घडी घालत होते आणि उलगडत होते.

माकुणसारला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. वाडीतून गार वारा येत होता. शैला उतरली आणि नेहमीप्रमाणे अंग चोरून घरात जायला निघाली. ती उंबऱ्याशी पोचली तोच काका ओरडले, "थांब!"

ती दचकून थांबली. काका तिला ओलांडून आत गेले. आतून डबे आपटल्याचा, झाकणं पडल्याचा, काहीतरी सांडल्याचा आवाज आला. बराच वेळ झाला. शैला पायरीवर उभी. मी टेम्पोला टेकून उभा. काका बाहेर आले ते एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात एक बटर घेऊन. चहात बुडवून खातात ते कडक बटर.

"भाकरी नाय केलेली आज," काका म्हणाले. ते कुणाला सांगत होते कळलं नाही. "ह्याचाच तुकडा चालंल."

मुलगी माहेरी आली की तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पायांवर पाणी घालतात, मग आत घेतात. हे घरातल्या बायकांचं काम. ती आली त्या दुपारी घरात बाई कुणी नव्हती, आणि काका नुसते दारात उभे राहिले होते. आता ते बटर तिच्या चेहऱ्याभोवती फिरवत होते आणि त्याचा चुरा तिच्या खांद्यावर पडत होता. शैला मान खाली घालून उभी होती. काका मधेच थांबले. पुढे काय करायचं ते विसरले असावेत.

मागून खाकरण्याचा आवाज आला. येसूदादा अंगणात उभे होते. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलणार.

"अरे, तुकडा टाक आणि पाणी घाल," ते म्हणाले. "पोरीला दारात किती वेळ उभी ठेवतोस?"

काकांनी बटर अंगणात भिरकावलं. पाणी घातलं ते पायांवर कमी आणि साडीवर जास्त. मग तांब्या हातात तसाच धरून ते बाजूला झाले.

"ये."

शैला आत गेली. आत अंधार होता, त्यामुळे ती हसत होती की रडत होती ते मला दिसलं नाही. दिवा लागला. आणि मग तिचा आवाज आला, मोठा, खणखणीत, चिडलेला:

"बाबा! काय ही दशा केलीय! डबे सगळे उघडे टाकलेत! बटरं मऊ पडली तर कोण खाणार ती?"

गजाकाका ओटीवर बसले. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे बघून अगदी बारीक आवाजात म्हणाले, "डाक्टर, बसा. आता चा होईल."